स्टिअरिंगचं तेल गळतंय? बाटली जरा बाजूला ठेवा
बोलेरो किंवा जुन्या इनोव्हाच्या बॉनेटखाली लाल तेलाचा ओघळ दिसला, की शेजारी, ओळखीचा ड्रायव्हर आणि स्पेअर पार्टवाला यांचं कधी नव्हे ते एकमत होतं. लीक बंद करणारी बाटली आणा, पॉवर स्टिअरिंगच्या टाकीत ओता, काम फत्ते! हा सल्ला निम्मा खरा आहे, म्हणूनच तो मरत नाही.

बाटलीत मुख्यतः रबर फुगवणारं रसायन असतं. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून पंपाचं ऑइल सील कडक होतं. रसायनाने ते मऊ होतं, थोडं फुगतं आणि झिरपणं काही काळ कमी होतं. इथवर ठीक. पण तेल सीलमधूनच जातंय, हे ठरवलं कोणी? फाटलेला होज पाइप, सैल क्लिप, टाकीला गेलेला तडा, सीलच्या घर्षणाने चर पडलेला शाफ्ट, खिळखिळं बेअरिंग... यातलं काहीही रबर फुगवून सांधत नाही. शिवाय तेच रसायन स्टिअरिंग रॅकमधल्या धडधाकट सीलांनाही लागतं, त्याचा विचार कोणी करत नाही.

आधी गळती शोधायची. तेल ओघळत खाली येतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडतं; त्यामुळे थेंब जिथे पडतो ती जागा बहुधा निरपराध असते. थंड इंजिनावर पंप, पाइप आणि सांधे डिग्रीझरने धुऊन कोरडे करावेत. मग इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवावं, दुसऱ्याने टॉर्च धरून पाहावं. हात आणि सैल कपडे बेल्टपासून लांब. ओल पुलीच्या मागे आली तर शाफ्टचं सील गेलं. टाकीकडून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी आली तर क्लिप किंवा ओ-रिंग बदलून भागतं, पंप उघडावाच लागत नाही.

सील घरी बदलता येतं, पण नुसत्या पान्यांवर नाही. दाबून बसवलेली पुली काढायला पुलरच लागतो. हातोडीने ठोकली की सीलबरोबर बेअरिंगही जातं. पंप पूर्ण खोललाच, तर आतली पातळ पाती परत बसवताना त्यांची गोल कड बाहेर, रिंगच्या बाजूला हवी.

‘थोडं तेल जळतंच’ असंही ठणकावून सांगणारे भेटतात. जळत नाही! चक्र बंद आहे. तेल कमी झालं म्हणजे ते कुठूनतरी गळालं.

‘ब्रेक ऑइल चालतं’ हा सर्वांत महाग गैरसमज. डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलवर आधारित असतात, स्टिअरिंगचं नायट्राइल रबर त्यांनी खराब होतं. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, तेही सरसकट चालत नाही. होंडाच्या मॅन्युअलमध्ये कंपनीचंच तेल घालायला सांगितलेलं असतं. टाकीचं झाकण वाचायला फुकट आहे.

‘प्रेशर पाइप कापून रबरी नळी जोडा’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं, की मग एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने दाबाच्या होजसाठी जे१८८ आणि परतीच्या होजसाठी जे१८९ अशी दोन वेगळी मानकं का केली?

आणि पंप घोंघावतोय म्हणजे तो गेलाच, असं नाही. तेलात हवा शिरली तरी आवाज येतो. पुढची चाकं स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, तेल भरत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत बुडबुडे थांबेतो फिरवावं. स्विफ्टसारख्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाडीत मात्र हा पंपच नसतो. तिथे तेल दिसलं तर ते दुसरीकडचं.

शेवटची गोष्ट बोटांसाठी. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की दाब ७० बारच्या वर जाऊ शकतो. टायरमध्ये तो जेमतेम सव्वादोन बार असतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीत घुसते आणि वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. तेल आत गेल्याची शंका जरी आली तरी दुखण्याची वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठा. अशा जखमेला बहुतेक वेळा तातडीची शस्त्रक्रिया लागते.