‘फिंगर’ आज्ञा : उपयोग आणि मर्यादा

एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धती रूढ झाली, तेव्हा यंत्रावर आपल्याखेरीज आणखी कोण आहे हा प्रश्न ओघानेच उत्पन्न झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ‘हू’ ही आज्ञा हजर मंडळींची यादी दाखवीत असे. परंतु तीत केवळ संक्षिप्त संकेत असल्यामुळे लोक यादीवरून बोट फिरवीत व्यक्ती ओळखू पाहत. हे पाहून लेस अर्नेस्ट यांनी 1971 साली पूर्ण नाव व वावराची वेळ सांगणारी आज्ञा तयार केली आणि तिला ‘फिंगर’, म्हणजे बोट, हेच नाव दिले.

युनिक्स प्रणालीत या माहितीचे मूळ मुख्यतः ‘पासवर्ड’ फाइलीत असते. तीत प्रत्येक वापरकर्त्याची एक ओळ असून अपूर्णविरामाच्या दोन टिंबांनी तिचे सात भाग पडतात : प्रवेशनाम, परवलीच्या शब्दाची जागा, वापरकर्ता-क्रमांक, गट-क्रमांक, पूर्ण नावादी तपशील, स्वतःची निर्देशिका आणि आरंभी चालावयाचा कार्यक्रम. पाचव्या भागास आजही ‘जीकॉस’ म्हणतात. बेल प्रयोगशाळेतील युनिक्स यंत्रे त्या नावाच्या प्रणालीकडे छपाईची कामे पाठवीत, त्यासाठी लागणारी ओळख येथे नोंदवीत, त्याचा हा अवशेष होय. याखेरीज वापरकर्त्याने स्वतः लिहिलेली ‘प्लॅन’ नावाची फाइल असल्यास ‘फिंगर’ तीही वाचून दाखविते.

1977 साली या सेवेचे जालावरील नियम लिहिले गेले. दूरच्या यंत्राच्या 79 क्रमांकाच्या द्वाराशी जोडणी करावयाची, एका ओळीत नाव पाठवावयाचे, उत्तर मिळताच जोडणी संपते, इतकी ती साधी आहे.

या साधेपणातील धोका 2 नोव्हेंबर 1988 रोजी उघड झाला. सेवा पुरविणारा कार्यक्रम विचारणेची ओळ 512 बाइटांच्या जागेत घेई, पण तिची लांबी तपाशीत नसे. मॉरिसच्या ‘कृमी’ने 536 बाइट पाठवून ती जागा ओसंडविली आणि व्हॅक्स यंत्रांवर स्वतःच्या सूचना चालविल्या.

हा दोष कार्यक्रमाचा होता, आणि लांबी तपासून तो दूर करता आला. दुसरा दोष मात्र सेवेच्या हेतूतच आहे. सहकाऱ्याला उपयोगी पडणारी प्रवेशनामे व वेळा परक्यालाही तितक्याच सहज मिळतात, आणि परवलीचा शब्द ओळखू पाहणाऱ्याचे अर्धे काम त्याने होते. 1991 च्या सुधारित नियमांत म्हणूनच सुरक्षिततेचा स्वतंत्र विचार आढळतो. आज ही सेवा जालावर क्वचितच खुली असते. ‘हू’ आणि ‘आयडी’ या आज्ञा मात्र त्याच यंत्रावरील वापरकर्त्यांपुरत्या नित्य उपयोगात आहेत. माहिती कोणती आहे याइतकेच ती कोण विचारतो आहे हेही महत्त्वाचे, हा बोध या लहानशा आज्ञेच्या इतिहासातून मिळतो.