रोजचं विज्ञान : तेलावर तोललेली गाडी

सर्व्हिसिंग सेंटरवर गाडी धुवायला दिली की लहान मुलं एका गोष्टीकडे टक लावून बघतात. कामगार कॉक फिरवतो आणि टनभर वजनाची गाडी जमिनीतून निघालेल्या जाड, तेलकट खांबावर अलगद वर जाते. एवढं बळ येतं कुठून?

टूथपेस्टची ट्यूब शेपटाशी दाबली तरी पेस्ट तोंडातून येते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे 17व्या शतकात ब्लेझ पास्कल यांनी मांडलं. गाडी उचलणाऱ्या या लिफ्टमध्ये कॉम्प्रेसरची हवा तेलाला दाबते. समजा, दर चौरस सेंटिमीटरला 6 किलोचा दाब आहे आणि खांबाचा तळ 500 चौरस सेंटिमीटरचा. मग एकूण रेटा झाला 3,000 किलोचा!

तेलावर चालणाऱ्या हातजॅकचंही तेच. दांडा कितीतरी वेळा हलवावा, तेव्हा गाडी वीतभर उचलली जाते. बळ वाढतं, अंतर घटतं.

मात्र हे तेल अडवून धरतं ते रबरी सील. ते फाटलं की गाडी खाली येते. म्हणून घरच्या गॅरेजसाठी लिफ्ट घेताना खटक्याचं लोखंडी लॉक आधी तपासा. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. भक्कम स्टँड लावाच.