रावेरातला समुद्र

रावेरात केळी पिकतात. समुद्र इथे कुठला! आमची तापीमाई पुढे सुरतेपाशी जाऊन त्याला मिळते, एवढाच काय तो ऋणानुबंध. पण मुंबईचे, १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय मी लहानपणी पाहिले होते. ते वेड कन्येला लागले आणि बैठकीत खाऱ्या पाण्याची काचपेटी आली. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास मीठ, तळाशी वाळू, वर सच्छिद्र दगड.

गेल्या दिवाळीत सौभाग्यवतींनी घर झाडायला काढले, तशी मी पेटी काढली. दगड नळाखाली घासून लख्ख केले, दोन नवे घालून झकास डोंगर रचला. तिसऱ्या दिवशी दोन मासे उलटे तरंगत होते. कन्या माझ्याशी बोलेना.

मग चूक उमगली. त्या दगडांच्या भोकांत सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. माशांच्या विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये, मग पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये पालटतात. मी ती वस्तीच धुऊन टाकली होती. शिवाय नव्या दगडांतले मेलेले जीव पाण्यात कुजत होते.

आता नवा दगड काही आठवडे वेगळ्या टबात, खाऱ्या पाण्यात मुरवतो. अमोनिया नाहीसा झाल्यावरच तो पेटीत जातो. दगड वाळूवर न ठेवता तळाशी पक्का टेकवतो. नाहीतर मासे वाळू उकरतात आणि डोंगर कोसळतो. आपल्या किनाऱ्यावरचे प्रवाळ तर उचलायचेच नाहीत. वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

यंदा घरातले कपाटसुद्धा हलले. पेटीकडे वळलो, तोच कन्या म्हणाली, “बाबा, राहू द्या. त्यांची घरं आहेत ती!”