वाचायला शिकणं म्हणजे काय?

पहिलीतल्या मुलाला ‘क ते ज्ञ’ घडाघडा म्हणता आलं, की घरचे खूश होतात. पण मुळाक्षरं पाठ म्हणणं ही स्मरणशक्तीची गोष्ट झाली. वाचणं निराळं. समोरच्या खुणेचा आवाज करायचा, आवाज जोडून शब्द करायचा आणि त्या शब्दाचा अर्थ मनात उभा राहायला हवा. ही तिसरी पायरी राहून गेली, तर मूल धडा मोठ्यानं म्हणतं आणि ‘काय वाचलंस?’ असं विचारलं की गप्प बसतं.

आपण जसं बोलतो तसं लिहितो, असं अभिमानानं सांगतो. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूनं पाहा. ‘किती’मधली पहिली वेलांटी दिसते ‘क’च्या आधी, उच्चारायची मात्र नंतर. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ दिसतो एक, ऐकू येतो वेगळा. ‘र’ तर ‘रस’मध्ये उभा, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर आणि ‘प्रकाश’मध्ये पायाशी! ‘विहीर’ दीर्घ, ‘विहिरीत’ उतरलं की ह्रस्व.

म्हणून सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं आणि शेवटी वाक्य, हा क्रम मुलाला फार काळ अर्थावाचून ताटकळत ठेवतो. त्याऐवजी म, क, र ही तीन अक्षरं आणि एक काना एवढंच द्या. ‘मामा’, ‘काका’, ‘काम’ हे शब्द झाले. ‘मामा, काम कर’ हे वाक्यही झालं! मूल हसतं, कारण मामाला कामाला लावायची ताकद त्याच्या हाती आलेली असते. १९८४ साली स्थापन झालेल्या फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेनं मॅक्सीन बर्नसन यांच्या मार्गदर्शनाखाली अक्षरांचे छोटे गट करून वाचन शिकवण्याचं मोठं काम केलं.

दुसरी गोष्ट घरच्या बोलीची. माझ्या घरात दखनी बोलली जाते. तिथं ‘पाणी’ नाही, ‘पानी’ आहे. वऱ्हाडातही ‘पानी’च. असं मूल पुस्तकातल्या ‘पाणी’वर बोट ठेवून ‘पानी’ म्हणतं, तेव्हा त्याला वाचता आलेलं असतं. उच्चार तेवढा घरचा असतो. ‘चूक’ म्हणून त्याला खाली बसवलं, तर पुस्तक आपलं नाही, एवढंच ते शिकतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्यातलं मर्म हेच.

लिहिणंही फळ्यावरचं उतरवून घेण्यापुरतं नसावं. रोज स्वतःचं एक वाक्य लिहू द्या. ‘आमची शेळी व्याली’ यातली ‘शेळी’ ह्रस्व पडली, तर पडू द्या. आधी करडं किती झाली ते विचारा, मग वेलांटी सुधारा. कविता लिहिताना मीही शब्द आधी कानानं ऐकतो, शुद्धलेखन मागाहून पाहतो.

तिसरी-चौथीनंतर शाळा वाचायला शिकवत नाही, वाचून शिकायला सांगते. तोवर वाचन जमलं नाही, तर गणितापासून इतिहासापर्यंत सगळंच अडतं. चांगल्या बुद्धीचं मूल ‘ढ’ ठरतं आणि एक दिवस शाळेतून गळतं.

तेव्हा रोज दहा मिनिटं मुलाला शेजारी घेऊन वाचून दाखवा. स्वतःला वाचता येत नसेल, तर आपल्या बोलीत गोष्ट सांगा. गोष्टीची गोडी लागलेलं मूल ती पुस्तकात शोधायला आपणहून जातं.