३.४ संवादातील वक्तानिर्देश

कथेतील संवादाला जोडून ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ असे शब्द येतात. त्यांस आपण येथे ‘वक्तानिर्देश’ म्हणू.

कोण बोलले हे सांगणे, हे वक्तानिर्देशाचे पहिले कार्य होय. मराठीत क्रियापदाच्या रूपावरूनच बोलणारा पुरुष की स्त्री हे कळते. संवादातील ‘आई’, ‘दादा’, ‘साहेब’ ही संबोधनेही वक्ता सुचवितात. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर नाव देण्याचे कारण नसते. जेथे निर्देश आवश्यक असेल, तेथे ‘म्हणणे’ हे साधे क्रियापद पुरेसे असते. ‘गरजला’, ‘उद्गारला’, ‘संतापाने म्हणाला’ अशी रूपे वारंवार योजावी लागत असतील, तर संताप मूळ संवादात उतरलेला नाही असे समजावे.

दुसरे कार्य अधिक सूक्ष्म आहे. ‘म्हणाला’ की ‘म्हणाले’, ही निवड निवेदकाला करावीच लागते. तीतून त्याची दृष्टी प्रकट होते. एक उदाहरण पाहू. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. या पार्श्वभूमीवरील कथेत पुढील प्रसंग आहे, असे समजा :

“नोटीस मिळाली ना?” साहेब म्हणाले.
“मिलाली. पन जमीन माजे बापाची हाय,” धर्मा म्हणाला.

साहेब तिशीचे, धर्मा सत्तरीचा. साहेबांनी धर्माला ‘तू’ म्हटले असते, तर तो त्या पात्राचा स्वभाव ठरला असता. येथे मात्र वयोवृद्ध शेतकऱ्याला एकेरी आणि तरुण अधिकाऱ्याला आदरार्थी रूप निवेदकाने दिले आहे. लेखकाची सहानुभूती धर्माकडे असली, तरी त्याचे व्याकरण साहेबांच्या बाजूला उभे आहे.

एकेरी रूप नेहमीच अनादराचे नसते. ‘आई म्हणाली’ यात जवळीक असते. त्रयस्थ निवेदक दोघांनाही एकच रूप देऊ शकेल. निवेदक धर्माचा नातू असेल, तर ‘आजोबा म्हणाले’ आणि ‘साहेब म्हणाला’ असेही लिहील. असा भेद जाणीवपूर्वक केलेला असावा, सवयीने झालेला नसावा.

कृती : आपल्या एखाद्या कथेतील सर्व वक्तानिर्देश अधोरेखित करा. कोणाला ‘म्हणाला’ आणि कोणाला ‘म्हणाले’ लाभले आहे, ते पाहा व त्याचे कारण दोन वाक्यांत लिहा.