परदेशी प्रयोगशाळेचे दार



विज्ञानाविषयी बोलायचे तर ताऱ्यांविषयी बोलावे, अणूविषयी बोलावे. नोकरीच्या अर्जांविषयी काय बोलायचे, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात येणे शक्य आहे. परंतु रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायन घेऊन एम्.एस्सी., पीएच्.डी. झालेली आपल्या गावची मुले-मुली परदेशी प्रयोगशाळेकडे डोळे लावून बसतात, आणि त्यांच्या पाठीशी एखाद्या घरची आयुष्यभराची बचत उभी असते. मार्ग नीट न समजता पाऊल टाकले तर पैसा जातो, आणि पैशाहून मोलाची अशी उमेदीची वर्षे जातात. म्हणून आज आम्ही अमेरिका हा एकच देश समोर ठेवून हा मार्ग उलगडून सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्हिसा म्हणजे आपल्या विद्वत्तेला मिळालेले प्रशस्तिपत्र, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. नोकरीचा व्हिसा बहुधा उमेदवार मागत नसतो. त्याला नेमणारी संस्था एका ठराविक जागेसाठी, ठराविक पगारावर, ठराविक मुदतीपुरता तो मागत असते. या मागणी करणाऱ्या संस्थेलाच स्पॉन्सर म्हणतात. तेव्हा ‘मी पात्र आहे काय?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘माझ्यासाठी अर्ज करण्याची मुभा आणि इच्छा कोणत्या प्रयोगशाळेला आहे?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. आमच्या आजच्या विवेचनाचे सार एवढेच आहे.

बुद्धी आणि कायदा यांच्या वाटा किती वेगळ्या असतात, हे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चरित्रावरून दिसते. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासह त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. तिचा प्रबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. पुढे लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक आम्ल आणि ऑरिओमायसिन यांवरील महत्त्वाचे काम झाले. पण १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले होते. ती बंदी १९४६ च्या कायद्याने उठली, आणि तोही वर्षाला सुमारे शंभर भारतीयांनाच कायम वस्तीसाठी प्रवेश देणारा होता. १९४८ साली सुब्बाराव निधन पावले, ते अमेरिकेचे नागरिक न होताच. आज तशी वंशावर आधारलेली बंदी नाही. परंतु प्रयोगशाळेतील कर्तृत्व एक आणि कागदावरील हक्क दुसरा, हा भेद आजही कायम आहे.

आता मुख्य विषयाकडे वळू. अमेरिकेतील प्रयोगशाळांचे आपल्या कामापुरते तीन वर्ग पाडता येतात: विद्यापीठाची, कंपनीची आणि रुग्णालयाची. तिन्हींतील सूक्ष्मदर्शक सारखेच असतील, पण तिन्हींची दारे निराळी आहेत.

पीएच्.डी. झालेल्यांसाठी विद्यापीठाचे दार सर्वांत रुंद आहे. पोस्टडॉक म्हणून जाणारा संशोधक बहुधा जे-१ व्हिसावर जातो. हा व्हिसा देवाणघेवाणीचा आहे; संशोधक म्हणून त्यावर जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते, आणि ती कारकीर्द संपली म्हणजे पुन्हा त्याच वर्गात येण्यास दोन वर्षे थांबावे लागते. याशिवाय काहींना ‘दोन वर्षे मायदेशी’ राहण्याची अट लागते. ती पुरी झाल्याशिवाय किंवा माफ झाल्याशिवाय एच-१-बी अथवा कायम वास्तव्य मिळत नाही. ज्या विद्यांच्या यादीमुळे पुष्कळ भारतीय या अटीत सापडत, त्या यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचे नाव वगळण्यात आले. पण सरकारी पैशावर, उदाहरणार्थ फुलब्राइट शिष्यवृत्तीवर, जाणाऱ्यास ती अट लागतेच. सही करण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे.

विद्यापीठाला दुसराही एक लाभ आहे. एच-१-बी हा १९९० च्या कायद्याने आलेला नोकरीचा व्हिसा. त्याची वर्षाची मर्यादा ६५,००० आणि अमेरिकेत एम्.एस्. वा त्यावरील पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी आहे. मात्र २००० साली झालेल्या दुरुस्तीने विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न असलेल्या ना-नफा संस्था, तसेच ना-नफा व सरकारी संशोधनसंस्था या मर्यादेतून मोकळ्या झाल्या. त्यांना वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो.

कंपनीचे दार याच्या उलट आहे. औषधे वा जैवतंत्रज्ञानाच्या कंपनीत पगार जास्त, पण तिला मर्यादेच्या आतच बसावे लागते. वसंत ऋतूत नोंदणी होते, मागण्या मर्यादेहून पुष्कळ अधिक येतात, आणि निवड झालेल्यांनाच ऑक्टोबरपासून काम करता येते. यातील एक खोच फार थोड्यांच्या ध्यानात येते. विद्यापीठात सवलतीने एच-१-बी मिळालेला मनुष्य कंपनीत जाऊ लागला, की त्याला पुन्हा या मर्यादेच्या रांगेत यावे लागते.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त, लघवी, जंतू यांच्या तपासण्या होतात. येथे पीएच्.डी.पेक्षा परवान्याला महत्त्व. बहुतेक रुग्णालये अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल पॅथॉलॉजी या संस्थेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र मागतात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा काही राज्यांत राज्याचा स्वतंत्र परवानाही लागतो. त्यावर १९९६ च्या कायद्याने परदेशी तंत्रज्ञास आपले शिक्षण, परवाना आणि इंग्रजी यांची छाननी करून घेऊन व्हिसास्क्रीन नावाचा दाखला मिळवावा लागतो. आपल्याकडचा डी.एम्.एल्.टी. हा पदविका-अभ्यासक्रम एच-१-बीसाठी सहसा पुरा पडत नाही, कारण तो व्हिसा पदवी मागतो. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. देखील अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीशी पुष्कळदा समान धरली जात नाही. एम्.एस्सी.ची दोन वर्षे येथे उपयोगी पडतात. तेव्हा पदव्यांचे मूल्यमापन आधी, विमानाचे तिकीट मागाहून.

दार ओळखल्यावर जागा शोधायची ती कशी? विद्यापीठात हे काम बहुतांशी पत्रानेच होते. शंभर प्राध्यापकांना एकच मजकूर पाठविण्यापेक्षा दहा जणांचे अलीकडचे प्रबंध वाचून, त्यांच्या कामात आपले कौशल्य नेमके कोठे बसते, हे अर्ध्या पानात लिहावे. उत्तर आले म्हणजे एक प्रश्न नि:संकोच विचारावा: पगाराचा पैसा कोणत्या अनुदानातून आणि किती वर्षांसाठी आहे? कारण प्राध्यापकाचे अनुदान संपले की जागाही संपते. २०२५ साली तर कित्येक चालू अनुदाने मध्येच बंद करण्यात आली. पगाराचा अंदाजही ठेवावा. राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या २०२४ च्या कोष्टकात नवख्या पोस्टडॉकला वर्षाला ६१,००८ डॉलर होते. त्या संस्थेची ती छात्रवृत्ती परदेशी माणसास मिळत नाही, परंतु पुष्कळ विद्यापीठे ते कोष्टक प्रमाण मानतात.

कंपनी वा रुग्णालय शोधताना अंदाजाने चालण्याचे कारण नाही. एच-१-बीसाठी मालकाला अमेरिकेच्या कामगार खात्याकडे जागा, गाव आणि पगार नमूद करून अर्ज द्यावा लागतो, आणि ही माहिती खात्यातर्फे सर्वांसाठी खुली केली जाते. मागील वर्षी कोणत्या कंपनीने रसायनज्ञांसाठी किती अर्ज केले, हे घरबसल्या पाहता येते. ज्याने पूर्वी कधी अर्ज केला नाही, तो आपल्यासाठी करीलच, या भरवशावर वर्ष घालवू नये.

याच कायद्याने उमेदवारास काही संरक्षणही दिले आहे. त्या भागात त्या कामाचा जो रूढ पगार असेल, त्याहून कमी देता येत नाही. अर्जाचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो. मुदतीपूर्वी काढून टाकल्यास परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्चही त्याच्याकडे येतो. म्हणून ‘एच-१-बी मिळवून देतो, अमुक लाख भरा’ असे म्हणणाऱ्या मध्यस्थाची पायरी चढू नये. आपल्याकडेही १९८३ च्या कायद्यान्वये परदेशी नोकरभरती करणाऱ्या दलालास सरकारी नोंदणी आवश्यक केली आहे. ती प्रथम मागावी.

आता दुसरी बाजू. हा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी सुटली तर सामान्यतः साठ दिवसांच्या आत दुसरा मालक गाठावा लागतो, नाहीतर परतावे लागते. कायम वास्तव्याचे परवाने नोकरीच्या वर्गात वर्षाला सुमारे १,४०,००० असतात आणि एका देशाच्या वाट्याला साधारण शेकडा सातच येतात. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे. ज्यांचे संशोधन राष्ट्रहिताचे ठरते अशांना मालकावाचून स्वतः अर्ज करता येतो, पण रांग त्यांनाही चुकत नाही. शिवाय नियम बदलतात. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, देशाबाहेर असलेल्या उमेदवारासाठीच्या नव्या एच-१-बी अर्जामागे १ लाख डॉलर भरण्याची घोषणा काढली. ती बारा महिन्यांच्या मुदतीची होती, आणि तिच्याविरुद्ध न्यायालयांत दावेही गुदरले गेले. विद्यापीठांनाही तिच्यातून सरसकट सूट नव्हती. सारांश, गेल्या वर्षी गेलेल्या मित्राचा सल्ला यंदा चालेलच असे नाही. अर्जाच्या दिवशीचा नियम सरकारी पत्रकातच पाहावा.

मग जाऊ नये काय? असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कमलाबाई सोहोनी केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावर काम करून १९३९ साली त्यांनी पीएच्.डी. मिळविली, आणि मायदेशी येऊन पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत अन्नाच्या पोषणमूल्यांवर वर्षानुवर्षे संशोधन केले. परदेशी प्रयोगशाळेतून विद्या घेऊन येणे हीदेखील एक पुरती फलश्रुती आहे. जे-१ व्हिसाची तर मूळ कल्पनाच ती आहे.

तेव्हा मुलगा वा मुलगी जाण्यास निघाली, की घरच्या वडीलधाऱ्यांनी पगाराचा आकडा विचारण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: प्रयोगशाळा कोणत्या वर्गातली? व्हिसा कोणता आणि किती वर्षांचा? पैसा कोणाचा? आणि ती नोकरी सुटली तर पुढे काय? या चारांची उत्तरे कागदावर लेखी मिळाली, तर आनंदाने निरोप द्यावा. ती मिळत नसतील, तर घरची बचत बँकेतच असू द्यावी आणि आणखी एक पत्र लिहावे.