पाण्याखालचं गावठाण

मे महिन्यात भाटघर धरणाचं पाणी ओसरलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. चिखल वाळेपर्यंतही न थांबता माणसं दर्शनाला जातात. म्हातारी मंडळी तिथं उभी राहून बोटानं दाखवतात : इथं आपली शेतं होती, पलीकडं गावठाण.

हे धरण १९२७चं. पुढं पानशेत झालं, १९६१ साली फुटलं, पुन्हा बांधलं, मग वरसगाव. भाटघरच्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, वरसगावच्या जलाशयाला बाजी पासलकरांचं. भोर-वेल्ह्याचे हे वीर. त्यांची नावं पाण्याला मिळाली, त्यांच्या मुलखातली माणसं मात्र विस्थापित झाली.

पानशेत फुटलं त्याच सुमारास नाईलवर अस्वानचं मोठं धरण उभं राहत होतं. त्यात बुडणारी मंदिरं वाचवायला १९६० साली युनेस्कोनं जगाला हाक दिली. अबू सिंबेलची मंदिरं कापून, एकेका दगडावर क्रमांक घालून सुमारे ६५ मीटर उंचावर बसवली. देंदूरचं मंदिर अमेरिकेला भेट गेलं. १९७८पासून ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार नुबियन लोकांना मात्र १९६३-६४ मध्ये घरंदारं सोडून कोम ओम्बोकडं जावं लागलं. अस्वानला नुबिया संग्रहालय उघडलं ते १९९७ साली. तिथं पुराणवस्तूंबरोबर नुबियन घर, लग्न, विणकामही मांडलं आहे. उशिरा का होईना, माणसाला दालनात जागा मिळाली.

आपण मात्र इजिप्त पाहिला तो ममीतूनच. २०१२ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेस्परेन्नुब या पुरोहिताची ममी आली होती. पट्ट्या न सोडता सीटी स्कॅननं त्याचे दातसुद्धा पाहता आले. विलक्षणच होतं ते. पण आजचा इजिप्शियन शेतकरी काय पेरतो, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आता आपल्याकडं, ११ जुलै २०२५ रोजी याच भोर-वेल्ह्याच्या मुलखातला राजगड किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याचा आनंद मलाही आहे. आता फलक लागतील, दालनं होतील. त्यांत तलवारींशेजारी आवणीत डोक्यावर घेतलेलं इरलं ठेवा, गुंजवण्याहून ताकाचा हंडा घेऊन गड चढणारी बाई दाखवा, बुडालेल्या प्रत्येक गावाचं नाव लिहा. ती नावं सांगणारी माणसं अजून आहेत; त्यांच्याकडं आधी जा.